माशीची ओळ

५ जानेवारी

आज पोचलो. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला येताना शेजारी एक म्हातारा मांडीवर कोंबडा घेऊन झोपला होता. कोंबडा मात्र टक्क जागा, सबंध खाडीभर माझ्याकडे बघत होता. पुढे सहा आसनी रिक्षाने कोंडवेळ. गाव सुंदर आहे. नारळी-पोफळी, मग भाताची रिकामी शेतं, त्यांच्यामागे देवाच्या नावाने राखलेलं देवरहाटीचं दाट रान आणि रानापलीकडे समुद्र.

ज्यांच्या शेतावर काम लागलं ते माधवकाका रस्त्यावर येऊन उभे होते. नोकरीचा अर्ज त्यांनी हाताने लिहून पाठवायला सांगितला होता, त्याचं कारण आज कळलं. म्हणाले, प्रज्योत, तुझ्या अर्जात एक खाडाखोड नाही, ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी. असा मुलगा काम अर्धं टाकत नाही. नववीत शाळा सुटली त्याचं मला वाईट वाटतं हे मी अर्जातही लिहिलं होतं. ते म्हणाले, शाळेचं काय घेऊन बसलास.

गोदावरीकाकूंनी उकडीचे मोदक केले होते. राहायला मागची खोली मिळाली आहे. पूर्वी इथे मध गाळायचे. दार इतकं बुटकं की वाकून आत जावं लागतं, पण भिंतींना अजून मेणाचा वास येतो. बाहेर आंब्याखाली मधपेट्या मांडलेल्या आहेत. सगळ्या रिकाम्या.

घरी फोन केला. निकेतदादाला वाटतं मी चार दिवसांत परत येऊन त्याच्या ट्रेलरवर क्लीनर म्हणून बसेन. मला त्या एकावर एक रचलेल्या कंटेनरांची भीती वाटते, हे त्याला कळत नाही. प्राप्तीची हळद ८ फेब्रुवारीला आहे. लग्नात नवऱ्याचा कान मीच पिळायचा असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. काकांना आधीच सांगितलं, की त्याआधी मला घरी पोचायलाच हवं. ते म्हणाले, बहिणीच्या हळदीला कोण अडवेल तुला.

६ जानेवारी

काम समजलं. भात निघालेल्या शेतात कलिंगडं लावली आहेत. वेलावर दोन प्रकारची फुलं येतात. नर फूल नुसत्या देठावर असतं. मादी फुलाच्या मागे एक केसाळ, हरभऱ्याएवढं कलिंगड आधीपासूनच बसलेलं असतं. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मोडायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या तोंडाला सगळ्या बाजूंनी हलकेच लावायचा. एका बाजूला कमी लागलं तर फळ वाकडं धरतं. झालेल्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायचा. फुलं सूर्य वर आला की उमलतात आणि दुपारी मिटतात. मिटलेलं फूल पुन्हा उघडत नाही, त्यामागचं फळ पिवळं पडून गळतं. पूर्वी हे सगळं मधमाश्या करायच्या. आता गावात माशी नाही.

गुणाजी म्हणून काकांचा गडी आहे, तो पाण्याचं बघतो. त्याने मला शेत दाखवलं, पण माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. देवरहाटीला लागून असलेल्या शेवटच्या ओळीशी थांबला आणि म्हणाला, हिला हात लावायचा न्हाय. ही माशीची हाय. इथे प्रत्येक घर आपल्या शेतात अशी एक ओळ माशीच्या नावाने लावतं. तिच्यावर फवारणी नाही, तिची फळं कुणी तोडत नाही. मी विचारलं, माशीच नाही तर ओळ कशाला? तो म्हणाला, माशी न्हाय तर ती कुनाचीच न्हाय.

काकांना सांगितलं तर हसले. म्हणाले, गावची समजूत आहे. मी तुला हात लाव म्हणणार नाही, नको असंही म्हणणार नाही. तुझ्या डोळ्यांना काम अर्धं राहिलेलं दिसलं तर तुझं तू बघ.

८ जानेवारी

इथल्या माणसांना मी नको आहे. दुकानदाराने साबण हातात दिला नाही, फळीवर ठेवला आणि मी उचलेपर्यंत आत जाऊन उभा राहिला. नळावर गुणाजीची बायको नलू पाणी भरत होती. मी ओंजळ पुढे केली तर तिने भरलेला हंडा माझ्या पायाशी ओतून टाकला आणि रिकामा हंडा कमरेला लावून निघून गेली.

गुणाजीला विचारलं, मी तुमचं काय केलं? तेव्हा तो बोलला. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे फवारणी संध्याकाळीच व्हायची, माशा घरी गेल्यावर. एका वर्षी कीड फार आली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की सकाळीच मारून मोकळं व्हायचं. फुलं उघडी होती. दुपारी वेलांखाली मोहरी सांडावी तशा माशा पडल्या होत्या. काही अजून हलत होत्या. बायकांनी त्या केरसुणीने गोळा केल्या. माशीच्या ओळीवर कुणी मारलं नव्हतं, पण वारा आला. पुढच्या हंगामात फुलं आली आणि एकही कलिंगड धरलं नाही.

मी म्हटलं, म्हणूनच तर मी आलोय. तो म्हणाला, मेलेल्या मानसाच्या ताटात जेवायला बसलायस तू, आनि वर मीठ मागतोस.

११ जानेवारी

रोज सकाळी गुणाजी बांधावरून ओरडतो, काय माशीबाई, नांगी कुठं ठेवली? शेजारच्या शेतांतली माणसं हसत नाहीत, नुसती उभी राहून बघतात. काल माझ्या चपलांत शेण भरलेलं होतं. आज मी बांधलेले दोरे कुणीतरी कापून वाटेवर टाकले. मी परत बांधले. काम माझं चांगलं होतं आहे, माझं एकही फळ वाकडं नाही.

नलू मिरच्या तोडता तोडता, मान वर न करता म्हणाली, घरी जा रे. तुझ्या आयशीला अजून तुझं तोंड बघायचं आसंल. हे ती शिवी दिल्यासारखं म्हणाली.

मी जाणार नाही. गेलो तर ट्रेलर.

ती शेवटची ओळ मात्र मला बघवत नाही. बाकी शेत टम्म धरतंय आणि ती रोज उमलते, रोज मिटते, रोज गळते. वेलाखाली पिवळी पडलेली इवली फळं साचली आहेत. मी तिच्याकडे पाठ करून काम करतो. पाठीला ती कळते.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळं गाव एकमेकांच्या घरी गेलं. माझ्या हातावर कुणी तीळसुद्धा ठेवला नाही. मी नमस्कार केला तर एका बाईने आपली वाटी झाकून घेतली. फक्त काकूंनी तिळगूळ दिला. म्हणाल्या, तुझ्यासारखा मन लावून काम करणारा मुलगा या घरात पहिल्यांदाच आला. तुझ्या आधीचे सगळे ती ओळ तशीच टाकून गेले. त्यांना काहीच वाटलं नाही बघ.

१५ जानेवारी

आज केली. सगळी ओळ, पहिल्या वेलापासून शेवटच्यापर्यंत.

लपून केली नाही, चांगल्या उन्हात केली. वाटलं, यात पाप काय आहे? फूल उघडं आहे, वेळ आहे, हात रिकामे आहेत. ते फूल मिटलेलं बघण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या. शेवटच्या फुलाला दोरा बांधून उठलो तर आजूबाजूच्या सगळ्या शेतांतली माणसं कामं टाकून उभी होती. कुणी ओरडलं नाही. गुणाजी पाटाच्या काठावर मट्कन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणाला, शिव्या दिल्या, श्यान घातलं, तरी गेला न्हायस. आता ऱ्हा.

काका घराच्या ओट्यावरून बघत होते. त्यांनी हात जोडले. मला नव्हे बहुतेक, रानाला.

१६ जानेवारी

माशीच्या ओळीतली फळं एका रात्रीत मुठीएवढी झाली आहेत. असं होत नाही. हात लावला तर कोमट लागली.

गाव एकदम बदललं. मी वाटेने निघालो की माणसं बाजूला होतात, तीही सावकाश, हात अंगाशी धरून. नलूने स्वतःहून हंडा पुढे केला. मी प्यायलो तेव्हा तिने पदर तोंडावर ओढून घेतला. विचारलं, रडतेस का? म्हणाली, रडत न्हाय, श्वास लपवते.

१९ जानेवारी

हात पिवळे झाले आहेत. साबणाने जात नाहीत, राखेनेही नाही. प्राप्तीला सांगितलं की माझी हळद तुझ्या आधी लागली. ती खूप हसली.

काकूंनी खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मनगटाला लाल दोरा बांधला. जेवणात बोंबील होते, मला वासच सोसला नाही. जन्मभर खाल्ले आहेत. मी ताट सारल्यावर काकू मुळीच रागावल्या नाहीत, जणू वाटच बघत होत्या. साखरेचा पाक केला आणि पसरट थाळीत घालून आणला. पाकात काड्या तरंगत होत्या. मी काढायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे, सवय आहे आमची.

सगळा प्यायलो.

२३ जानेवारी

दादाशी बोलताना तो सारखा म्हणत होता, पंखा बंद कर, काही ऐकू येत नाही. माझ्या खोलीत पंखा नाही. मी श्वास धरला तेव्हा तो म्हणाला, हां, आता बंद झाला.

गळ्यावर हात ठेवून बघितलं. बोलताना थरथरतं. गप्प असतानाही थरथरतं.

माशीच्या ओळीवर आता कुणी काही बोलत नाही. मी पहाटेच उठून बसतो आणि फुलं उमलण्याची वाट बघतो. इतर काही आठवत नाही. आज प्राप्तीचं नाव आठवायला वेळ लागला. म्हणून इथे लिहून ठेवतो. प्राप्ती. माझी बहीण. ८ फेब्रुवारी.

२७ जानेवारी

पेट्यांविषयी जुनं पुस्तक काकांच्या कपाटात आहे, चित्रांचं. काका नव्हते म्हणून चाळलं. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. फुलं नसतील त्या दिवसांत साखरेचा पाक, पसरट भांड्यात. त्यात काड्या. काड्या नसल्या तर माश्या पाकात बुडून मरतात. पेटीजवळ हळू हलायचं, आपला श्वास माश्यांवर जाऊ द्यायचा नाही, उघडण्याआधी धूर द्यायचा.

पुस्तक जागेवर ठेवलं. उद्या सुट्टी मागतो.

२८ जानेवारी

मागितली. काका म्हणाले, जा की. पण मी बोलत असताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. आणि फार हळू हलत होते. आता सगळेच माझ्यासमोर हळू हलतात.

१ फेब्रुवारी

पळायचा प्रयत्न केला. रिक्षावाल्याने घेतलं नाही. चालत निघालो. गावाच्या वेशीवर माणसं उभी होती, हातांत विळे, कोयते. त्यांत गुणाजी होता. म्हणाला, तुला मारायचं न्हाय. कोन मारील तुला. पन तू गेलास तर आमचं शेत परत मरतंय. मी म्हटलं, घरी जा असं तुम्हीच सांगत होता. तो म्हणाला, तवा तू मानूस होतास.

तरी मी पोफळीतून वाट काढली आणि दिघीला पोचलो. बोट धक्क्याला लागलेली होती. दोन पावलं आणि बोटीत. पण खाडीवरून मिठाचा वास आला.

मी मिठागरावर वाढलो. माझ्या आईच्या लुगड्याला तो वास आहे. आज तो नाकात गेला आणि पाऊल पुढे टाकता येईना. पाण्यावर काही फुलत नाही. पाण्यापलीकडे काय आहे ते दिसेना. मागून मात्र ओळीचा वास येत होता, एवढ्या लांबून, सरळ रेघेसारखा.

मी स्वतःच्या पायांनी परत आलो. कुणी ओढलं नाही. वेशीवरच्या माणसांनी वाट दिली.

३ फेब्रुवारी

दार काढून टाकलं आहे. त्या जागी फळी, खाली आडवी फट. सकाळी काका फळी वर सरकवतात. मी वाकून बाहेर येतो — शेत — दुपारी परत. कुणी बांधत नाही. मीच येतो.

फोन काकूंकडे आहे. मी मागितला. त्यांना मी काय म्हणतो ते कळलं नाही. की कळलं.

५ फेब्रुवारी

फळी उघडण्याआधी धूर. नारळाच्या सोडणांचा. फटीतून फुंकतात. ओरडायचं ठरवलं होतं — धूर आला की ठरवलेलं राहत नाही. बरं वाटतं. हेच वाईट आहे, की बरं वाटतं.

काका आत आले. पांढरे कपडे, हातमोजे. तोंडावर जाळी.

त्यांनी माझं डोकं हळूच बाजूला करून माझ्या मागची भिंत बघितली. तिथे मेण होतं. ताजं. ते माझं आहे का — मी विचारलं —

बाहेर काकूंना म्हणाले, पोळं छान धरतायत.

६ फेब्रुवारी

आता सगळ्या गावाची शेतं मीच करतो. कसं, माहीत नाही. एकाच वेळी मिरची आणि भोपळा आणि कलिंगड. एवढे हात मला नाहीत.

नलू बांधावर उभी होती. हळूच म्हणाली, माफ कर बाबा. मग तिचं फूल दाखवलं — उघडं होतं — करावंच लागलं.

७ फेब्रुवारी

उद्या हळद. कुणाची ते लिहिलंय का — मागे — २३ तारखेला. हो. प्राप्ती. बहीण.

कान पिळायचा. उद्या. निघायचं.

पाक संपला. थाळीत नुसत्या काड्या.

८ फेब्रुवारी

मोटारसायकल. आवाज ओळखला. निकेतदादा.

अंगणात आहे. फटीतून त्याचे बूट दिसतात. काका सांगतायत, प्रज्योत तर परवाच गेला, फेरीने. दादा म्हणतो, घरी आला नाही. म्हणतो, प्राप्ती पाटावर बसायला तयार नाही, त्याला घेऊन ये म्हणते.

हाक मारली. दादा.

दादा बोलायचा थांबला. म्हणाला, काका, आत पेटी ठेवलीत काय? माशा लय दिसतात. काका म्हणाले, यंदा परत आल्या. देवाची कृपा.

दादा म्हणाला, बरं झालं.

परत हाक मारली — जोरात — भिंत हादरली. दादा मागे सरला. म्हणाला, चिडल्यात वाटतं. काका म्हणाले, भूक लागलीय त्यांना. सोडतो.

फळी वर गेली. धूर नाही. उघडं आहे.

उजवीकडे अंगण. दादा. त्याच्या मनगटाला हळद लागलीय. मला दिसते आहे. उजवीकडे वळायचं, एवढंच. वळलो की तो ओळखेल. मला ओळखणार नाही असं होईल का, तो माझा भाऊ —

डावीकडे फुलं उमलली.

उजवीकडे. दादा किक मारतोय. आधी त्याला — नाही, ती दुपारी मिटतील, मिटली की पुन्हा — दादा थांबेल, तो नेहमी थांबतो — बांधाकडचे वेल राहिलेत, एका बाजूला कमी लागलं तर वाकडी — थांब दादा, आलोच, एवढी ओळ —